साठवून ठेवलेलं पान

सुजाता,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला चाळीच्या पटांगणात सगळे तुझ्याविषयी बोलले. भंतेजींनी त्रिशरण दिलं, मग तुझ्या शाळेतल्या बाई बोलल्या, तुझ्या बाबांच्या टेलिफोन खात्यातले दोघे जण बोलले. शेवटी कोणीतरी म्हणालं, "तिची मैत्रीण, ती नयना, तिने बोलावं दोन शब्द." मी उठले. माइक हातात घेतला. "सुजाता खूप हुशार होती," एवढं म्हटलं आणि खाली बसले. लोकांना वाटलं, मला रडू आवरलं नाही. तुझ्या आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताखाली मी किती अंग चोरून बसलेले, ते मलाच ठाऊक.

रडू आलंच नव्हतं गं. जे सांगायचं होतं ते माइकवर सांगण्यासारखं नव्हतं. ते फक्त तुला सांगायचं होतं, आणि तू होतीस तोवर दीड वर्ष रोज माझ्यासमोर बसलेली असायचीस.

आपली ओळख डोंबिवलीच्या कॉम्प्युटर क्लासमधली, सत्त्याण्णव सालची. तीन मुलींत एक मशीन. तू कडेच्या खुर्चीवर, तुझा हात माउसपर्यंत पोचायचाच नाही, म्हणून तू नुसती बघायचीस आणि वहीत लिहायचीस. सरांनी पहिल्यांदा इंटरनेट दाखवलं त्या दिवशी सगळा वर्ग एकाच स्क्रीनभोवती जमलेला. मॉडेम किंचाळला, मग शांत झाला, मग एक फोटो वरून खाली पट्टीपट्टीने उतरायला लागला. कुठल्या तरी परदेशी बागेचा होता. तो पूर्ण दिसेपर्यंत दोघी जणी चहा पिऊन आल्या. सरांनी पान बंद केलं आणि उशिरा आलेल्या मुलांसाठी पुन्हा उघडलं. या वेळी बाग लगेच आली. बाकीचे "वा" म्हणाले. तू विचारलंस, "सर, बंद केल्यावर ते पान जातं कुठे?"

"कुठे जाणार? बंद झालं."

"मग दुसऱ्यांदा इतक्या लवकर कुठून आलं?"

सर म्हणाले, "लाइन क्लिअर झाली असेल." वर्ग हसला. मीही हसले. क्लास सुटल्यावर जिन्यात मी तुला गाठलं, उगाच, हसल्याबद्दल बरं वाटेना म्हणून. "कुठे राहतेस?" विचारलं तर म्हणालीस, "ठाण्याला, कोपरीत." मीपण कोपरीतच. तुझी चाळ आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, आणि आपण पहिल्यांदा भेटलो ते डोंबिवलीच्या जिन्यात.

वर्षभराने आपण इंटरनेट सेंटर काढलं. आमची जाळी ठेवायची खोली. माझ्या बाबांनी होडी विकून चार वर्षं झालेली. खाडीत काही मिळत नव्हतं, सगळं केमिकलचं पाणी. पण जाळी तशीच टांगलेली. आपण खोली मागितली आणि दुसऱ्या दिवशी बघितलं तर खोली रिकामी, भिंतींना चुना लावलेला, आणि बाबा बाहेर पायरीवर पाय सोडून बसलेले. फोनची लाइन तुझ्या बाबांमुळे लवकर मिळाली. एक मशीन इंटरनेटचं, एक टायपिंगचं. चुना लावूनही वास गेला नाही. पहिलं गिऱ्हाईक नाक दाबून म्हणालं, "मॅडम, ये कॉम्प्युटर में से मछली की बास आ रही है." तू एकदम गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, "नेट है ना, इसलिए." त्याला काही कळलं नाही. मी आत जाऊन तोंडात ओढणी कोंबून हसले.

पण सेंटर चालेना. म्हणजे लोक यायचे, मस्कतला मुलगा असलेले, जहाजावर नवरा असलेल्या बायका, निकाल बघणारी पोरं. यायचे आणि बसून राहायचे. तासाचे पैसे द्यायचे आणि तासातला अर्धा वेळ पांढरी स्क्रीन बघायची. कोणी चिडून उठून जायचं. मला वाटायचं, लाइनच तशी आहे, आपण काय करणार. तू मात्र तो क्लासमधला प्रश्न सोडला नव्हतास. एका दुपारी मशीनच्या पोटात फोल्डरमागे फोल्डर उघडत गेलीस आणि ओरडलीस, "नयना, इकडे ये! हे बघ, सगळं इथेच आहे." बघितलं तर खरंच. काल-परवा लोकांनी उघडलेल्या पानांचे तुकडे, फोटो, चिन्हं, रेघा, सगळं आपल्याच डिस्कवर पडलेलं. ब्राउझर पान उघडताना सगळं आणतो आणि एक प्रत ठेवून देतो. फक्त त्याला जागा थोडीशी दिलेली, म्हणून जुनं फेकत राहतो. आणि ठेवलेलं वापरायच्या आधी दर वेळी लाइनवरून विचारायला जातो, नवीन काही आलंय का. त्या विचारण्यातच आपला निम्मा वेळ जात होता.

तू जागा वाढवलीस. मग ती सेटिंग बदललीस. तपासायचं कधी, याला तीन पर्याय होते: दर वेळी, ब्राउझर सुरू केल्यावर एकदा, कधीच नाही. तू "कधीच नाही" वर टिचकी मारलीस. बाबांचं घड्याळ हातात घेऊन एक पान उघडायला लावलंस. पहिल्यांदा चार मिनिटं. बंद करून पुन्हा उघडलं. आठ सेकंद. तू माझ्याकडे बघितलंस तेव्हा तुझे डोळे काय चमकत होते गं.

आणि आपलं भांडण तिथेच सुरू झालं. मी म्हणाले, "म्हणजे आपण लोकांना शिळं दाखवायचं?"

"शिळं कसं? चित्र तेच आहे, मथळा तोच आहे. बदललंच नाही तर परत कशाला आणायचं?"

"आणि बदललं असेल तर?"

आई मधल्या दारात मासळी साफ करत बसलेली. तू तिलाच पंच केलंस. "मावशी, घरात मीठ असताना दर वेळी मीठ आणायला वाण्याकडे जाता का?"

आई म्हणाली, "मीठ ठेव गो, किती पन दिवस ठेव. मासली नको ठेवू."

तू वही काढून मधोमध रेघ मारलीस. एका बाजूला मीठ, दुसऱ्या बाजूला मासळी. मिठाच्या बाजूला जी पानं बदलत नाहीत ती: कॉलेजांची माहिती, फॉर्म, नकाशे, ईमेलचं पहिलं पान. मासळीच्या बाजूला निकाल, याद्या, तारखा, विमानांच्या वेळा. नियम असा की मिठाचं पान सरळ उघडायचं. मासळीचं असेल तर उघडल्यावर हाताने रिफ्रेशचं बटण दाबायचं, म्हणजे साठवलेलं बाजूला राहून ताजं लाइनवरून येतं. कितीही वेळ लागो, गर्दी असो, दाबायचंच. तो कागद तू मॉनिटरच्या डोक्यावर चिकटवलास. मी तरी म्हणाले, "एखादे दिवशी विसरलं तर?" तू म्हणालीस, "आपण दोघीच तर आहोत. कोण विसरणार?"

रोज सकाळी सेंटर उघडायच्या अर्धा तास आधी येऊन तू वीस-पंचवीस पानं एकेक करून उघडून, ताजी करून ठेवायचीस. दिवसभर ती झटकन यायची. महिनाभरात कळव्याहून, दिव्याहून लोक यायला लागले. म्हणायचे, कोपरीतल्या मुलींची लाइन फास्ट आहे. लाइन तीच होती. लोकांना वाटायचं, तुझ्या बाबांनी टेलिफोन खात्यातून काही जुगाड केलंय.

तुझ्या हृदयाची झडप लहानपणच्या तापाने खराब झालेली, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या दोन पायऱ्या चढून तू दाराशी क्षणभर थांबायचीस, मला वाटायचं चप्पल काढतेयस. आईने मासळीबाजारातून आणून निवट्या तळल्या होत्या तेव्हा तू म्हणालीस, "मावशी, माझ्या वेगळ्या तळा. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. इकडे दिवसभर मीठच साठवतेय, आणि खायला बंदी." सगळे हसलो. मग आईने हळूच विचारलं आणि तू सांगितलंस. ऑपरेशन करावं लागणार होतं, कधी ते ठरत नव्हतं. त्या दिवसापासून आईने आमच्या सगळ्यांच्याच निवट्या अळणी केल्या.

आता मनीषा.

दिव्याहून यायची, उंच, बारीक, दोन वेण्या. बारावी झालेली. पुण्याच्या एका संस्थेत लॅब टेक्निशियनच्या कोर्सला अर्ज केलेला. पहिल्या यादीत नाव नव्हतं, पण प्रतीक्षायादीत वर होती. दुसरी यादी संस्थेच्या फळ्यावर आणि इंटरनेटवर एकदमच लागणार होती. पुण्याला रोज कोण जाऊन फळा बघणार? म्हणून तू तिला म्हणालीस, "आपल्याकडे येत जा. येईल तुझं नाव." तिचं पान तू मासळीच्या बाजूला स्वतःच्या हाताने लिहिलंस.

त्या दिवशी तू हॉस्पिटलात होतीस, हृदयाचा फोटो काढायला. मी एकटी. लाइन सकाळपासून तुटत होती. तीन माणसं बाकावर, चौथा दारात, मस्कतवाल्या काकांचा वेळ चालू आणि त्यांचा ईमेल अर्ध्यावर. मनीषा आली. म्हणाली, "ताई, फक्त एक मिनिट. यादी बघायची आहे." काकांना विनंती करून त्यांची खिडकी बाजूला केली, संस्थेचं पान उघडलं. पटकन आलं. तिने बोट फिरवत नावं वाचली. मग म्हणाली, "ताई, ही आधीचीच आहे ना? पहिलं नाव तेच आहे."

सुजाता, तुझा कागद माझ्या डोळ्यांसमोर होता. माझा हात माउसवर होता. रिफ्रेश दाबलं तर पाच मिनिटं तरी जाणार, मधेच लाइन तुटली तर काकांचा ईमेल जाणार, ते ओरडणार. हे सगळं मी विचार करून ठरवलं असंही नाही. पण विसरले असंही नाही.

मी म्हणाले, "नवीन लागली नसेल अजून. पुढच्या आठवड्यात ये."

ती "बरं" म्हणून गेली. यादी आदल्या दिवशीच लागलेली होती. तिचं नाव त्यात सहावं होतं. हजर व्हायला चार दिवस होते. तिला कळव्याच्या एका मुलीकडून कळलं तेव्हा पाचवा दिवस होता. बापलेक पुण्याला गेले. जागा पुढच्या मुलाला देऊन झालेली.

तिचे वडील सेंटरवर आले ती संध्याकाळ तुलाही आठवत असेल. डोंबिवलीच्या रंगाच्या कारखान्यात कामाला, नखांत निळा रंग. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तुमच्याकडे बघून गेली पोरगी. तुम्ही सांगितलं, यादी लागली नाही." ते माझ्याकडे बघत होते. मी तुझ्याकडे बघितलं.

तू उठून उभी राहिलीस. खुर्चीच्या पाठीला धरून. "काका, पानं साठवून ठेवायची ही पद्धत माझी आहे. ते जुनं पान माझ्यामुळे दिसलं. चूक माझी आहे."

ते म्हणाले, "चूक तुमची, आणि वर्ष आमचं."

ते गेल्यावर माझे बाबा पायरीवरून उठून आत गेले. आईही गेली. आपण दोघीच राहिलो. तू शांतपणे विचारलंस, "नयना, रिफ्रेश केलं होतंस ना?"

तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. तू रागावलेली नव्हतीस. घाबरावं असं काहीही नव्हतं. तू माझ्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नाहीस. मी कितीदा तरी स्वतःला विचारलंय की मग मला एवढी कसली भीती वाटली.

मी म्हणाले, "हो, केलं होतं."

"दाबलंस, आणि तरी जुनंच आलं?"

"हो."

तू मान हलवलीस. "मग माझंच काहीतरी समजायचं राहिलंय," म्हणालीस आणि वही उघडलीस.

बास. एवढंच. दोन वेळा "हो". त्यानंतर तू जे केलंस ते बघायला मी रोज समोर होते. दुसऱ्याच दिवशी तू सेटिंग "दर वेळी" वर नेलीस. पानं पुन्हा रांगायला लागली. गिऱ्हाइकं विचारायची, "मॅडम, काय झालं? पहिले फास्ट होतं." तू म्हणायचीस, "मला नीट कळलेलं नाही, ते कळेपर्यंत असंच राहू दे." स्टेशनजवळ नवीन सेंटर निघालं, लोक तिकडे गेले. तू रिकाम्या मशीनवर बसून प्रयोग करायचीस. जुनं पान उघड, रिफ्रेश दाब, ताजं येतं का बघ. दर वेळी यायचं. येणारच ना. तू वहीत बरोबरची खूण करायचीस आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढायचीस. "आता येतंय. मग त्याच दिवशी का नाही आलं?" मशीनची तारीख चुकली होती का? लाइन अर्ध्यात तुटली असेल का? एकदा म्हणालीस, "तू बटण दाबलंस पण ते नीट दबलंच नसेल, असं झालं असेल का?" माझ्यासाठी तू दार उघडं ठेवत होतीस. मला त्यातून बाहेर येता आलं असतं. मी म्हणाले, "नाही गं, नीट दाबलं होतं."

"बरोबर. तू म्हणतेस म्हणजे दाबलंच असशील," तू म्हणालीस.

आणि एक दिवस, हे लिहायला हात धजत नाही, एक दिवस मी तुला म्हणाले, "मी आधीच सांगितलेलं ना तुला, असं काहीतरी होईल म्हणून." तुझी मान खाली होती. तू म्हणालीस, "हो, सांगितलं होतंस."

दर महिन्याच्या एका रविवारी तू दिव्याला जायचीस. मनीषाच्या वडिलांनी पहिल्या दोन वेळी दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्यांदा पाणी दिलं. तू तिचा दुसऱ्या वर्षीचा फॉर्म भरून दिलास, वडिलांना पटवलंस की लग्नाचं एक वर्षभर काढू नका. तिकडच्या स्टेशनच्या पुलावर तू मधल्या पायरीवर बसायचीस म्हणे, पिशवी मांडीवर घेऊन, श्वास खाली बसेपर्यंत. हे मला तुझ्या आईकडून कळलं. तू मला दोनदा म्हणालीस, "चल ना, दोघी जाऊ." मी म्हणाले, "सेंटर कोण बघणार?" सेंटरमध्ये तेव्हा माशीसुद्धा येत नव्हती.

दुसऱ्या वर्षी तिचं नाव लागलंच नाही. गुण तेच, मुलं जास्त. तू त्या दिवशी जेवली नाहीस.

ऑपरेशनच्या चार दिवस आधी मी हॉस्पिटलात आलेले. दुपारची भेटीची वेळ, तुझी आई डबा धुवायला गेलेली. तुझे पाय सुजलेले, चादरीवर ती वही. तू मला बघून एकदम सरळ व्हायला गेलीस. "नयना, बरं झालं आलीस. मला सापडलं."

"काय सापडलं?"

"त्या दिवसाचं. अगं, फक्त आपलंच मशीन प्रत ठेवत नाही. आपण ज्यांच्याकडून कनेक्शन घेतो तेही त्यांच्या मोठ्या मशीनवर प्रत ठेवत असणार. त्यांनाही बाहेरून सारखं सारखं आणणं परवडत नसेल. तू रिफ्रेश केलंस, ते आपल्या डिस्कला सोडून पुढे गेलं, पण त्यांच्या मशीनने त्याला स्वतःजवळचं जुनं पान दिलं. म्हणून तुझं बरोबर असूनही जुनंच आलं." तू धापा टाकत होतीस आणि हसत होतीस. "म्हणजे तुझंही चुकलं नाही आणि माझंही पूर्ण चुकलं नाही. असंच असणार ना?"

तुझा चेहरा त्या पहिल्या दुपारसारखा झालेला, घड्याळ हातात होतं तेव्हासारखा. कितीतरी महिन्यांनी.

मी म्हणाले, "हो. असंच असणार."

हे तिसरं "हो" मी का म्हटलं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. तुला ऑपरेशनच्या तोंडावर त्रास नको म्हणून म्हटलं, असं मी स्वतःला सांगून बघितलं. ते थोडंफार खरंही असेल. पण मला सुटल्यासारखंही वाटलं, सुजाता. तू मला एक कारण शोधून दिलं होतंस, दीड वर्ष खपून, आणि मी ते घेतलं. तू माझा हात धरलास. तुझी बोटं गार होती. "बरी झाले की सेटिंग परत करू," म्हणालीस. ऑपरेशननंतर तू जागी झालीच नाहीस.

गेल्या रविवारी मी दिव्याला गेले. पहिल्यांदाच. मनीषाचं घर विचारत विचारत सापडलं. ती आता डोंबिवलीच्या एका लॅबमध्ये बाटल्यांवर नावं लिहायचं काम करते, रविवारी घरी असते. नळाला पाणी यायची वेळ होती, ती हंडे लावून रांगेत उभी. मला ओळखलं. "सुजाताताई बऱ्या आहेत का?" विचारलं. तिला काहीच कळलेलं नव्हतं. कोण सांगणार होतं?

मी सांगितलं. ती रिकामा हंडा तसाच धरून उभी राहिली. मागच्या बाईने "चल गं पुढे" म्हटलं, तर तिला पुढे जाऊ दिलं. मग भिंतीला टेकून खाली बसली आणि ओढणी तोंडावर घेतली. मीही शेजारी बसले. ओढणीतूनच म्हणाली, "मागच्या महिन्यात आल्या नाहीत तेव्हा मला वाटलं, कंटाळल्या असतील माझा."

मग मी तिला ते सगळं सांगितलं. त्या दिवशी पान जुनं आहे हे मला माहीत होतं, बटण दाबलं नव्हतं, आणि सुजाताला दाबलं म्हणून सांगितलं. एका दमात सांगितलं, कारण थांबले असते तर पुन्हा कधी बोलले नसते.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे वडील बघत होते तशीच. "मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं, ही आधीचीच यादी आहे ना."

"हो."

"आणि ताई दर महिन्याला इथे यायच्या. माझ्या बाबांसमोर मान खाली घालून बसायच्या. बाबा काय काय बोललेत त्यांना, तुम्हाला माहितेय?"

मला माहीत नव्हतं. तू कधी सांगितलं नाहीस.

"त्यांना माहीत होतं का, तुम्ही दाबलं नव्हतं ते?"

"नाही."

"शेवटपर्यंत नाही?"

"नाही."

मला वाटलं, ती आता मारेल. मारलं असतं तर मी हलले नसते. तिचा नंबर आला. ती उठली, हंडा नळाखाली लावला, तो भरेपर्यंत माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मग वळून न बघताच म्हणाली, "मला सांगून काय उपयोग आहे? वर्ष तर माझं गेलंच. त्यांना सांगायला पाहिजे होतं. जाऊन त्यांना सांगा."

"ती नाहीये गं आता."

"तरी सांगा," ती म्हणाली, आणि हंडा कमरेवर घेऊन घरात गेली. दार लावून घेतलं.

मी तिला काही मागायला गेले नव्हते. मागितलं असतं तरी तिने दिलं नसतं, आणि ते बरोबरच झालं असतं. पण तिने सांगितलं तेवढं करते.

सुजाता, तुझं काहीही समजायचं राहिलं नव्हतं. सेटिंग बरोबर होती. नियम बरोबर होता. कनेक्शनवाल्यांच्या मशीनचा त्या दिवशी काही संबंध नव्हता, लाइनचा नव्हता, तारखेचा नव्हता. तुझ्या वहीतली सगळी प्रश्नचिन्हं खोडून टाक. पान बदललं होतं, ताजं पान यायला तयार होतं, फक्त ते कोणी मागितलंच नाही.

रिफ्रेश मी दाबलं नव्हतं.